वरच्या वर्गाचे मोल

भिलाईपासून समुद्र फार दूर आहे. मुंबईचा किनारा गाठायचा तर दुर्गच्या स्थानकावरून सुमारे अकराशे किलोमीटरांचा रेल्वेप्रवास करावा लागतो. तरीही या गावाचे समुद्राशी काहीच नाते नाही, असे म्हणता येणार नाही. सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तेव्हापासून देशातील लोहमार्गांचे कितीतरी रूळ येथेच घडले. आणि २०२२ साली नौदलात दाखल झालेल्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेला जे खास पोलाद लागले, त्यातही भिलाईचा वाटा होता. कारखान्याच्या नोकरीच्या निमित्ताने विदर्भातून व महाराष्ट्राच्या इतर भागांतून तेथे गेलेली मराठी कुटुंबे आता पिढ्यानुपिढ्या तेथे नांदत आहेत. जन्मभर भट्टीच्या धगीशी ज्याचा संबंध आला, त्याला निवृत्तीनंतर एकदा तरी समुद्रावरून प्रवास करावा असे वाटले, तर त्यात नवल ते काय?

ही इच्छा पुरी होण्याची सोय आता झाली आहे. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करणाऱ्या क्रूझ २०२१ साली सुरू झाल्या आणि मध्यमवर्गीय कुटुंबांनाही त्या आवाक्यात वाटू लागल्या. परंतु तिकीट काढावयास बसले म्हणजे दरपत्रकावर एक शिडी दिसते. सर्वांत खाली बिनखिडकीची आतली खोली. तिच्यावर समुद्राकडे काचेची खिडकी असलेली खोली. तिच्यावर स्वतंत्र सज्जा असलेली. आणि सर्वांत वर 'स्वीट', म्हणजे प्रशस्त दालन. या शब्दाचा उच्चार पुष्कळ लोक 'सूट' असा करतात आणि मराठी कानाला त्यातून भलतीच आशा वाटते! वस्तुतः या दालनाचे भाडे आतल्या खोलीच्या सहसा दुपटीच्या वर जाते. काही जहाजांवर त्याबरोबर 'कॉन्सिएर्ज' नावाची सेवा मिळते. म्हणजे आपली कामे पाहण्यासाठी एक माणूस खास दिमतीला असतो. तेव्हा अधिक पैसे देऊन नेमके काय पदरात पडते, हा प्रश्न ओघानेच उभा राहतो.

या प्रश्नाचा विचार आपल्या लोकांनी समुद्रावर नव्हे, आगगाडीत केलेला आहे. इंग्रजी अमदानीत रेल्वेचे चार वर्ग असत : पहिला, दुसरा, इंटर आणि तिसरा. महात्मा गांधींनी १९१७ साली मुंबई ते मद्रास हा प्रवास तिसऱ्या वर्गाने केला आणि त्या वर्गाच्या उतारूंचे हाल जगापुढे मांडले. त्यांच्या लेखनात एक साधा पण मर्मभेदी हिशेब आहे. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून अधिक आहे हे खरे; परंतु तिसऱ्या वर्गाच्या माणसाला पहिल्या वर्गाच्या सुखाचा पाचवा हिस्सा, निदान दहावा हिस्सा तरी मिळतो काय, असे त्यांनी विचारले. म्हणजे गांधींनी हिशेब शिडीच्या खालच्या टोकाकडून मांडला. वरचा माणूस किती पैसे वाया घालवतो याची त्यांना चिंता नव्हती. खालच्या माणसाला त्याच्या पैशाचा मोबदला मिळत नाही, हे त्यांचे दुखणे होते.

पुढे १९५५ साली जुना पहिला वर्ग गेला आणि खालच्या दोन वर्गांना वरची नावे मिळाली. १९७४ साली तिसरा वर्गही गेला. परंतु तो गेला म्हणजे त्याला 'दुसरा' म्हणू लागले, इतकेच. लाकडी बाक होते तेथेच राहिले. नाव बदलल्याने पाठ दुखावयाची थांबत नाही. ती पाठ खरोखर ज्यांनी मनावर घेतली, ते मधु दंडवते. कोकणातील राजापूरचे हे खासदार १९७७ साली रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीची फोमची गादी घालण्याचे ठरविले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हावडा-मुंबई मार्गावर 'गीतांजली एक्स्प्रेस' सुरू झाली. तिच्यात वर्ग असा नव्हताच. सर्वांना एकच डबा, एकच भाडे. ही गाडी दुर्गवरून जाते. म्हणजे भिलाईचा माणूस ज्या मार्गाने समुद्राकडे निघतो, त्याच मार्गावर वर्ग मोडण्याचा तो प्रयोग झाला होता. आज त्याच गाडीला वातानुकूलित डब्यांचे निरनिराळे वर्ग जोडलेले आहेत. मोडलेली शिडी पुन्हा उभी राहिली. फोमची गादी मात्र कोणी काढून नेली नाही. हळूहळू ती देशभर सर्वत्र पसरली.

या दोन इंचांत वर्गाच्या अर्थशास्त्राचे सारे रहस्य साठलेले आहे. लाकडी फळीवर रात्र काढणारा आणि गादीवर रात्र काढणारा यांच्यात झोपेचे अंतर असते. गादीवर झोपणारा आणि बंद दाराच्या कूपेत झोपणारा यांच्यात फार तर एकांताचे अंतर असते. पहिल्या पायरीने शरीराची गरज भागते. पुढच्या पायऱ्या हौसेच्या असतात. हौस वाईट असे नव्हे. मात्र तिची किंमत गरजेच्या भावाने मोजू नये. म्हणून कोणताही वरचा वर्ग घेण्यापूर्वी त्याच्या थाटाकडे पाहण्याऐवजी खालचा वर्ग कसा आहे हे पाहावे.

कोकणच्या जुन्या बोटींवर खालचा वर्ग कसा होता, हे अनेक घरांतून अजून ऐकावयास मिळते. भाऊच्या धक्क्यावरून निघणाऱ्या बोटीत डेकवर सतरंजी पसरून जागा धरायची, ट्रंक उशाशी घ्यायची, आणि बोट लागू नये म्हणून लिंबू नाकाशी धरायचे, असा तो प्रवास. केबिन मोजक्या लोकांसाठी. तेथे वरचा वर्ग म्हणजे उन्हापावसापासून आणि गर्दीपासून सुटका होती, आणि ती पैसे मोजण्याजोगी होती यात शंका नाही. गंमत अशी की हर्णैसारख्या बंदरात बोट धक्क्याला लागत नसे; उतारूंना पडावात उतरावे लागे, आणि पडावात केबिनवाला व डेकवाला शेजारी शेजारी बसत.

आजच्या क्रूझवर डेकवर झोपणारा वर्गच नाही. सर्वांत स्वस्त खोलीतही पलंग, स्वच्छ चादर, न्हाणीघर आणि वातानुकूलन असते. मुख्य भोजनगृह, नाट्यगृह, पोहण्याचा तलाव आणि मोकळे डेक सर्वांना सारखेच खुले असतात. गांधींचा हिशेब येथे उलटा होतो : निम्म्याहून कमी पैसे देणाऱ्याला येथे निम्म्याहून पुष्कळच अधिक मिळते.

सुरक्षेची गोष्टही अशीच. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली, तेव्हा पहिल्या वर्गातील दर दहांपैकी सुमारे सहा उतारू वाचले, आणि तिसऱ्या वर्गातील चारांपैकी एक. त्या दुर्घटनेनंतर १९१४ साली समुद्रावरील सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांनी सर्वांसाठी जीवनरक्षक नौका व सर्वांसाठी कवायत बंधनकारक केली. मराठी माणसाला १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे जाताना बुडालेली 'रामदास' बोटही विसरता येत नाही. सहाशेहून अधिक माणसे तिच्याबरोबर गेली. आज आणीबाणीत कोठे जमावयाचे हे प्रत्येक उतारूला सांगितले जाते. त्या कवायतीला दालनातल्या माणसालाही यावेच लागते. सुरक्षा वरच्या वर्गात विकत मिळत नाही आणि मिळू नये.

मग खोलीखोलीत फरक कोणता? येथे जहाजाचे गतिशास्त्र थोडे समजून घेतले पाहिजे, कारण दरपत्रक ते सांगत नाही. जहाज दोन प्रकारे डोलते. एक, डावीकडून उजवीकडे झुलते. दुसरे, नाळ वर तर पिछाडी खाली असे हेलकावते. झुलण्याचा आस जहाजाच्या लांबीतून जातो, म्हणून जितके उंच जावे तितका झोका मोठा. हेलकाव्याचा मध्य जहाजाच्या मध्याजवळ असतो, म्हणून टोकांना उचल अधिक. एस. टी.च्या मागल्या बाकावर बसलेल्याला जे कळते आणि मधल्या बाकावरच्याला कळत नाही, तेच हे. पाण्यात पंख्यासारखी बाहेर येणारी पाती आधुनिक जहाजांना बसविलेली असतात. ती झुलणे पुष्कळ कमी करतात, पण पुढेमागे होणारा हेलकावा त्यांना फारसा आवरत नाही. तात्पर्य, सर्वांत स्थिर खोली ती, जी जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर असते. आणि अशी खोली पुष्कळदा स्वस्त असते! महागडी दालने बहुधा उंचावर असतात. ज्याला बोट लागते त्याने अधिक पैसे देऊन अधिक डोलणारी जागा घ्यावी, यापरता विनोद नाही.

सज्जाचे मोल मात्र मार्गावर ठरते. मुंबईहून गोव्याकडे जाणारे जहाज संध्याकाळी निघाले तर अंधार लवकरच सर्व झाकून टाकतो. उरते ती पहाट. दक्षिणेकडे जाताना डावीकडे कोकणचा किनारा व उजवीकडे सूर्यास्त, ही दिशा तिकीट काढतानाच विचारून घ्यावी. दोन रात्रींच्या फेरीत सज्जात बसावयास किती तास मिळतील हे बोटांवर मोजता येते, आणि तेच दृश्य वरच्या मोकळ्या डेकवरून सर्वांना दिसते. मात्र पाचसहा दिवसांच्या सफरीत, दिवसदिवस केवळ पाणीच असते तेव्हा, आपल्या दारापुढचा तो हातभर सज्जा खरोखर सुखाचा होतो. आतल्या खोलीत दिवस उगवल्याचेही कळत नाही. ज्यांचा जीव बंद जागेत गुदमरतो त्यांनी निदान खिडकीची खोली घ्यावी. येथे ती हौस नसून गरज आहे.

उरली दिमतीच्या माणसाची सेवा. तो काय करतो? जहाजावर लवकर चढवतो, खास भोजनगृहात जागा राखतो, किनाऱ्यावरच्या सहलीची तजवीज करतो आणि उतरताना पुढे काढतो. म्हणजे बहुतांशी तो रांग वाचवतो. लक्षद्वीपसारख्या बेटांपाशी मोठे जहाज दूर नांगर टाकते आणि लोकांना लहान होड्यांतून नेतात; तेथे रांग लांब होते आणि ही सेवा उपयोगी पडते. पण रांग वाचवण्याचे मोल रांगेच्या लांबीइतकेच. दोन रात्रींच्या फेरीत ती किती वेळा लागणार? शिवाय पुढे गेलेल्या प्रत्येक माणसामागे कोणीतरी मागे सरकलेला असतो. कोकणच्या पडावाने जी समता आणली होती ती येथे पैशाने मोडली जाते. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना चाकांची खुर्ची लागते, त्यांनी आधी जहाज कंपनीला कळवावे. ती मदत मिळण्यासाठी दालनच घेतले पाहिजे असे नाही. अंथरुणाला खिळत चाललेल्या वृद्धाला घेऊन जाणाऱ्या कुटुंबाची गोष्ट वेगळी. त्यांना दिवसाही आडवे होण्यापुरती ऐसपैस जागा आणि हाकेला ओ देणारा माणूस यांचे मोल खरोखर आहे.

भिलाईच्या निवृत्त दांपत्यापुढे हा हिशेब ठेवला तर काय निघते? त्यांचा सर्वांत कष्टाचा भाग समुद्रावर नाही; तो जमिनीवरच्या जाण्यायेण्याच्या बावीसशे किलोमीटरांत आहे. उन्हाच्या दिवसांत साध्या शयनयानात विदर्भ ओलांडणे म्हणजे काय, हे त्या मार्गाने गेलेल्याला सांगावे लागत नाही. तेथे शयनयानातून वातानुकूलित तिसऱ्या वर्गात जाण्याची पायरी ही दंडवत्यांच्या गादीसारखीच आहे : झोप देणारी. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये थांबविण्यात आली, म्हणून ही पायरी पूर्वीपेक्षा महाग पडते हे खरे. तरी आरक्षण करताना वय नीट नोंदवले तर, जागा शिल्लक असल्यास, साठीपुढील पुरुषांना व पंचेचाळीशीपुढील स्त्रियांना खालचा बर्थ देण्याची व्यवस्था रेल्वेने ठेवली आहे, आणि तिला वेगळे पैसे पडत नाहीत. तेव्हा जहाजावर मध्यभागीची खिडकीची खोली घ्यावी, दालनाचा मोह सोडावा आणि उरलेल्या पैशांतून आधी आगगाडीचा वर्ग वाढवावा.

त्याहूनही काही शिल्लक राहिले तर ते मुंबईतील एका रात्रीसाठी राखून ठेवावे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बॅलार्ड पिअरचा धक्का अगदी जवळ आहे. परंतु आगगाडी उशिरा आली म्हणून आगबोट थांबत नाही, आणि जहाजावर चढण्याची वेळ सुटण्याच्या कितीतरी आधी संपते. म्हणून आदल्या दिवशीच मुंबई गाठावी.