‘हे वापरून बघ’ म्हणण्याआधी

नोएडाच्या सेक्टर 62 मधलं किंवा गुरुग्रामच्या सायबर सिटीतलं कुठलंही सॉफ्टवेअर ऑफिस घ्या. शेजारच्याच्या स्क्रीनकडे बघून कुणीतरी म्हणतंच, ‘अजून हाच एडिटर वापरतोस?’ मग आपल्या आवडत्या एडिटरचं कौतुक सुरू होतं. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. त्या टूलने त्याचे कामाचे तास खरोखरच वाचवलेले असतात. ऐकणाऱ्यापर्यंत मात्र एवढंच पोचतं, की आपली कामाची पद्धत जुनाट आहे.

प्रोग्रामर दिवसभर ज्या एडिटरमध्ये कोड लिहितो, त्याच्या खुणा बोटांना पाठ झालेल्या असतात. नव्या टूलकडे वळायचं म्हणजे काही आठवडे मुद्दाम हळू काम करायचं, आणि तेही ठरलेली मुदत डोक्यावर असताना. ‘व्हीआय’ आणि ‘ईमॅक्स’ हे दोन्ही एडिटर 1976 मधले. त्यांच्या चाहत्यांमधला वाद अजून मिटलेला नाही. व्हीआयच्या वंशातल्या ‘विम’ची शिफारस तर पिढ्यान्‌पिढ्या होत आली. तरीही ‘विममधून बाहेर कसं पडायचं?’ हा ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरचा प्रश्न 2017 पर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता. नाव सगळीकडे पोचलं, सोबतची माहिती मागे राहिली. विमबरोबरच ‘विमट्यूटर’ नावाचा साधारण अर्ध्या तासाचा पाठ मिळतो. नाव सुचवतानाच तो उघडून दिला, तर नवख्याची पहिली संध्याकाळ वाया जात नाही.

सुचवणाऱ्याने समोरच्याचा भार उचलायचा असतो, याचं सुरेख उदाहरण दिल्ली परिसरातच सापडतं. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं झालं 15 ऑगस्ट 1995 रोजी. तेव्हाचा डायल-अपचा वेग होता सेकंदाला 9.6 किलोबिट. या वेगाने 650 मेगाबाइटची एक सीडी उतरवायची, तर सलग सहा दिवसांहून जास्त वेळ फोनची लाइन अडवावी लागली असती. अशी जोडणी असलेल्या माणसाला ‘लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम छान आहे, डाउनलोड कर’ असं सांगण्यात काय अर्थ होता? दिल्ली परिसरातल्याच सायबरमीडिया कंपनीच्या ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात अंकासोबत लिनक्सची सीडीच द्यायला सुरुवात केली. या उपक्रमामागे होते अतुल चिटणीस (1962–2013), बर्लिनमध्ये जन्मलेले आणि बेळगावात शिकलेले. सीडी कशी बसवायची, याचं टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन अंकात असे. पुढे 2003 मध्ये दिल्लीच्याच ईएफवाय समूहाने ‘लिनक्स फॉर यू’ हे मासिक काढलं; त्याच्या सल्लागार मंडळावरही चिटणीस होते. या दोन मासिकांमुळे कित्येक विद्यार्थ्यांनी पहिल्यांदा लिनक्स सुरू करून पाहिलं.

सीडी हातात आली तरी धोका संपत नव्हता. एकाच हार्ड डिस्कवर विंडोजशेजारी लिनक्ससाठी जागा करताना एक चुकीचा विभाग पुसला गेला, की घरातले फोटो आणि वडिलांचे हिशेब सगळं गेलं. त्यातून त्या काळच्या अनेक संगणकांत ‘विनमोडेम’ असे. तो विंडोजच्या ड्रायव्हरवाचून बहुधा चालतच नसे. म्हणजे लिनक्स बसलं, पण इंटरनेट बंद, आणि मदत शोधायची तर इंटरनेटच हवं. म्हणून दिल्लीसह जगभर उभ्या राहिलेल्या लिनक्स युजर ग्रुपांच्या परंपरेत ‘इन्स्टॉल फेस्ट’ला मोलाचं स्थान मिळालं. नवख्याने आपला संगणक उचलून आणायचा. जाणकाराने आधी मोडेम कोणता ते विचारायचं, मग बॅकअप घ्यायला लावायचा आणि यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत शेजारी बसायचं. मला ही रीत आजही अतिशय मोलाची वाटते.

आज डाउनलोडला काही मिनिटं लागतात, पण विचारायचे प्रश्न कमी झालेले नाहीत. अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपवर कर्मचाऱ्याला स्वतः काही इन्स्टॉल करता येत नाही. परवान्यांचाही प्रश्न आहे. ‘डॉकर डेस्कटॉप’ हे टूल वर्षानुवर्षं मोफत म्हणून सुचवलं जात होतं. ऑगस्ट 2021 मध्ये नियम बदलले आणि 250 हून अधिक कर्मचारी किंवा वर्षाला एक कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न असलेल्या कंपन्यांना ते विकत घेणं भाग पडलं. गुरुग्रामच्या मोठ्या कंपनीतल्या मित्राला जुन्या आठवणीवरून ते सुचवलं, तर तो नकळत नियमभंग करून बसेल. कधी टूलच बंद पडतं. ‘ॲटम’ हा गिटहबचा लाडका एडिटर 15 डिसेंबर 2022 रोजी बंद झाला. ज्यांनी तो आग्रहाने गळ्यात मारला होता, त्यांच्या मित्रांना पुन्हा पहिल्यापासून सवय बदलावी लागली.

एक अडचण तर खास आपल्याकडची. हिंदी किंवा मराठी मजकुराच्या फाइल हाताळणाऱ्या सहकाऱ्याला कुणी मोठ्या उत्साहाने टर्मिनलमध्ये, म्हणजे फक्त मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत, चालणारा एडिटर सुचवतो. टर्मिनलची रचना समान रुंदीच्या चौकटींची असते, त्यामुळे अनेक टर्मिनलांत वेलांट्या सरकतात, जोडाक्षरं तुटतात आणि कर्सर भलत्याच अक्षरावर दिसतो. फक्त इंग्रजीत कोड लिहिणाऱ्याला हे कधी जाणवलेलंच नसतं. म्हणून स्थळ सुचवणाऱ्या मध्यस्थासारखं आधी त्या घराची नड जाणून घ्यावी, आणि गुणांबरोबर उणिवाही तितक्याच स्पष्टपणे सांगाव्यात.

सध्या सर्वाधिक शिफारशी होतात त्या कोड लिहून देणाऱ्या एआय टूलच्या. गिटहबचं ‘कोपायलट’ जून 2022 पासून सर्वांसाठी खुलं आहे आणि त्यानंतर अशा टूलची रीघच लागली. यांतली बरीचशी टूल कोडचा काही भाग बाहेरच्या सर्व्हरवर पाठवतात. परदेशी ग्राहकाचं काम करणाऱ्या नोएडातल्या टीमचा करार त्याला परवानगी देतो का, हे जेवणाच्या टेबलावर कुणालाच ठाऊक नसतं. अशा वेळी सहकाऱ्याला ग्राहकाच्या कोडवर ते टूल चालवायला सांगू नये. घरच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या एखाद्या छोट्या प्रयोगावर ते सोबत चालवून दाखवावं, आणि ऑफिसात वापरायचं की नाही हे त्याच्या टीमला ठरवू द्यावं.