तार बोलते, ऐकणारा हवा

आपल्याकडच्या घरांत एकजण म्हणतो, "लाइट गेली," तर दुसरा म्हणतो, "करेंट होय्तु." पांढुर्णा-सौंसरकडे गेलात तर "लाइन गेली" असे ऐकू येईल. ही गावे मध्य प्रदेशातली, पण घराघरांत बोली मराठी. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाड्याचा हा मराठी पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसरही त्यात आले. सीमेवरच्या माणसांना ही कथा नवी नाही.

विजेला मात्र सीमा ठाऊक नाही. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जुळले. तेव्हापासून पांढुर्ण्याच्या संत्राबागेतला पंप आणि विजापूरच्या घरातला पंखा एकाच तालावर, सेकंदाला सुमारे 50 आवर्तनांवर चालतात.

जाळे एक झाले की दुखणेही एकाचे राहत नाही. 30 आणि 31 जुलै 2012 रोजी अर्धा देश अंधारात बुडाला. दोन्ही दिवशी सुरुवात झाली ती मध्य प्रदेशातलीच बिना-ग्वाल्हेर वाहिनी तुटल्यापासून. पश्चिमेचे जाळे तगले, म्हणून आपण वाचलो. चौकशी समितीने सांगितले, जाळ्याची नाडी अधिक बारकाईने पाहा.

ही नाडी पाहणारे यंत्र म्हणजे 'फेजर मेजरमेंट युनिट'. जुन्या पद्धतीत उपकेंद्राची माहिती काही सेकंदांनी मिळे. हे यंत्र सेकंदाला 25 वेळा दाब, प्रवाह आणि वारंवारता मोजते आणि प्रत्येक नोंदीवर उपग्रहाच्या घड्याळाची वेळ घालते. त्यामुळे शेकडो मैल दूरच्या दोन उपकेंद्रांची एकाच क्षणाची स्थिती शेजारी ठेवून पाहता येते. त्यांच्यातला कोन वाढू लागला की ताण वाढतोय हे कळते. पॉवर ग्रिडने 2014 पासून देशभर अशी हजाराहून अधिक यंत्रे बसवण्याचे काम हाती घेतले. मध्य प्रदेशची माहिती जबलपूरच्या भार प्रेषण केंद्रात आणि पुढे मुंबईच्या विभागीय केंद्रात जाते, कर्नाटकाची बंगळुरात.

पण शेतकऱ्याचा जीव अडकतो तो मोठ्या वाहिनीत नव्हे, बांधावरच्या तारेत. वादळात तार तुटून कोरड्या जमिनीवर पडली तर जमिनीत जाणारा प्रवाह फार थोडा असतो. तो नेहमीच्या भारासारखाच वाटतो, म्हणून उपकेंद्रातला ब्रेकर कधी कधी पडतच नाही. तार जिवंतच राहते, आणि रात्री पाणी द्यायला गेलेल्याला ती दिसत नाही. फीडरवर दोष दाखवणारे संवेदक बसवले तर बिघाड कुठल्या टप्प्यात आहे हे लाइनमनला लवकर कळते. अंधारात खांबामागून खांब शोधत हिंडावे लागत नाही. तरी असली पडलेली तार प्रत्येक वेळी यंत्राला सापडेलच असे नाही.

म्हणून पहिला संवेदक माणूसच. पडलेल्या तारेजवळ जाऊ नका, काठीने हलवू नका, मुलांना आणि गुरांना दूर ठेवा आणि 1912 वर फोन करा. मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि कर्नाटक, तिन्हीकडे हाच क्रमांक चालतो. बोली कोणतीही असो, हे चार आकडे घरातल्या लहानथोरांना पाठ असू द्या.