अलार्म वाजला, तरी आपण जागेवरच का बसतो?

मागच्या वर्षी आमच्या विभागात भरदुपारी फायर अलार्म वाजला. लॅबमध्ये आम्ही सहाजण होतो. सगळ्यांनी माना वर करून एकमेकांकडे पाहिलं, कुणीतरी "टेस्टिंग असेल रे" म्हणालं आणि आम्ही परत कामाला लागलो. ते टेस्टिंगच निघालं. पण खरी आग असती, तरी आम्ही हेच केलं असतं. आणि आमच्याकडे आपत्कालीन योजना आहे बरं का! जिन्याजवळ फ्रेम करून लावलेली आहे.

मग योजना असणं म्हणजे तयारी असणं का?

याचं उत्तर शोधायला 1968 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग उपयोगी पडतो. बिब लाटाने आणि जॉन डार्ली यांनी विद्यार्थ्यांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. एकट्या बसलेल्या 24 जणांपैकी 18 जणांनी बाहेर जाऊन सांगितलं. पण सोबत संशोधकांचीच दोन माणसं मुद्दाम शांत बसून राहिली, तेव्हा 10 पैकी फक्त एकाने सांगितलं. बाकीचे डोळे चोळत, धूर हाताने बाजूला सारत फॉर्म भरत राहिले.

म्हणजे संकटात माणसं सैरावैरा पळतात हे गृहीतक नेहमी खरं नसतं. बरेचदा ती थांबतात आणि दुसरा काय करतो ते बघतात. अलार्म वाजल्यापासून माणूस प्रत्यक्ष निघेपर्यंतच्या या वेळेला 'प्री-मूव्हमेंट टाइम' म्हणतात.

संस्थेने यावर काय करायचं? पहिलं पाऊल उचलणारा माणूस आधीच ठरवून ठेवायचा. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये 1993 साली बॉम्बस्फोट झाला. त्यानंतर मॉर्गन स्टॅन्लीचे सुरक्षाप्रमुख रिक रेस्कोर्ला यांनी कर्मचाऱ्यांकडून इमारत रिकामी करण्याचा सराव वारंवार करून घेतला. लोक वैतागायचे. 11 सप्टेंबर 2001 ला पहिलं विमान शेजारच्या टॉवरवर आदळलं. यांच्या टॉवरमध्ये 'इमारत सुरक्षित आहे' अशी घोषणा झाली. रेस्कोर्लांनी ती न मानता लोकांना जिन्याने खाली पाठवायला सुरुवात केली. कंपनीचे बहुतेक सगळे कर्मचारी वाचले. रेस्कोर्ला राहिलेल्यांना आणायला परत वर गेले, ते आलेच नाहीत.

आता संशोधक म्हणून जरा थांबा. रेस्कोर्लांची गोष्ट मनाला भिडते, पण ती एकच केस आहे. सरावामुळे किती जीव वाचले आणि विमान कोणत्या मजल्यावर आदळलं यामुळे किती, हे तिच्यावरून वेगळं काढता येत नाही. लाटाने-डार्लींच्या प्रयोगात तुलना नीट आहे, पण माणसं मोजकी, खोली कृत्रिम. एकाने कारण दाखवलं, दुसऱ्याने संदर्भ. दोन्ही लागतात.

या विषयावर काम करायचं मनात असेल, तर प्रश्नावलीत "तुमच्याकडे योजना आहे का?" एवढंच विचारू नका. सगळे 'हो'वर टिक करतील. त्यापेक्षा ड्रिलच्या दिवशी घड्याळ घेऊन दारात उभे राहा. अलार्मनंतर पहिला माणूस किती सेकंदांनी उठला? त्याला कुणी उठवलं? जिना कुठे आहे, हे किती जणांना शोधावं लागलं?

आणि हो, हे वाचून झालं की आधी स्वतःच्या इमारतीचा दुसरा जिना शोधून या. मी तीन वर्षांनी शोधला. त्याच्या दाराला कुलूप होतं.