पाठ आहे, पण समजले का? 'नूस' या ग्रीक शब्दाचा अर्थ

निफाड परिसरातील वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही विहारातील मुलांना विचारतो, "पंचशीलातील 'वेरमणी' म्हणजे काय?" घडाघडा पंचशील म्हणणारी मुले गप्प होतात. मोठी माणसेही एकमेकांकडे पाहतात. 'वेरमणी' म्हणजे दूर राहणे.

असाच प्रश्न पहिल्या शतकात ग्रीसमधील करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत उभा राहिला होता. तेथे काही जण प्रार्थनेत इतरांना न कळणाऱ्या भाषेत बोलत. पौलाने त्यांना पत्र लिहून कळवले की, प्रार्थना आत्म्याने करावी, तशी 'नूस'नेही करावी. न कळणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा समजून बोललेले पाच शब्द त्याला मोलाचे वाटत होते.

'नूस' म्हणजे विचार करणारे, समजून घेणारे, पारख करणारे मन. हृदयासाठी ग्रीकमध्ये 'कार्दिया' हा वेगळा शब्द आहे. मराठी बायबलमध्ये 'नूस'साठी कुठे 'मन', तर कुठे 'बुद्धी' येते. याच मुळातून 'मेटानोइया', म्हणजे मन पालटणे, हा शब्द आला. मराठीत त्याचा 'पश्चात्ताप' झाला. त्यात चुकीचा ताप उरला आणि विचार बदलणे मागे पडले. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणले, ते साध्या माणसांना कळावे म्हणूनच.

धम्मपदाची पहिलीच गाथा मनाला अग्रस्थान देते. मात्र फरक लक्षात घ्यावा. पौलाच्या मते मनाचे नवीकरण ईश्वराच्या कृपेने होते. बुद्धांच्या धम्मात ते ज्याचे त्याने प्रयत्नाने करायचे असते.

बाबासाहेबांनी आमच्या शेजारच्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा केली. दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात. मधली २१ वर्षे अभ्यासाची, पारखण्याची होती. दीक्षेच्या वेळी त्यांनी जनसमुदायाला २२ प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीतून, प्रत्येकाला समजाव्यात म्हणून.

पाली वंदना सोडा, असे आम्ही म्हणत नाही. ती आपला वारसा आहे. पण येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने रोज एका ओळीचा अर्थ मुलांना सांगावा. पाच शीलांचा अर्थ कळला, तरच ती आचरणात येतील.