शिडाच्या होडीसाठी गावाची वर्गणी

"प्याले पाणी नाही अन् पोराईले होडी चालवाले शिकवता का, साहेब?" चिखली तालुक्यातल्या एका गावात पारावर बसलेल्या आजोबांनी मला थेट विचारले. मुलांना शिडाची होडी शिकवणाऱ्या सेवाभावी संस्थांना आपणही थोडा हातभार लावावा, एवढेच मी बोललो होतो. पारावर हशा पिकला. पण आजोबांचा प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचे उत्तर इथे देतो.

पाणी कमी, पण खोल

आपल्याकडे पाणी कमी हे खरे, पण जे आहे ते खोल आहे. विहिरी आहेत, पैनगंगेवर पेनटाकळीचे धरण आहे, खडकपूर्णेवर संत चोखामेळा सागर आहे. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि शिवाराशिवारात शेततळी झाली. अस्तरीकरणाचा प्लॅस्टिक कागद ओला झाला की शेवाळासारखा निसरडा होतो. आत पडलेल्या माणसाला, तो पोहणारा असला तरी, काठ चढवत नाही. पोर बुडाल्याची बातमी आली की गाव हळहळते. मग आपण बाकीच्या पोरांना बजावतो, "पाण्याजवळ जायचं नाही." पोरं जातातच. आपण त्यांना पाण्याची भीती शिकवतो, पाण्याची समज शिकवायची राहून जाते.

शिडाच्या होडीच्या शिक्षणात पहिले धडे या समजेचेच असतात. पोहणे, जीवरक्षक जाकीट नीट बांधणे, उलटलेली होडी सरळ करणे, पक्की गाठ मारणे, बुडणाऱ्याला दोर फेकणे. शीड त्यानंतर येते. वारा ओळखणे तर आपल्याला नवे नाही. खळ्यावर उपणताना वारा कुठून येतो ते आधी पाहतोच की! होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जात नाही. कोन धरून नागमोडी न्यावी लागते. हे बारा वर्षांचे पोर स्वतः करते, तेव्हा त्याला घाई न करता विचार करायची सवय लागते.

वर्गणीतून झालेली होडी

जगभर लहान मुले ज्या होडीवर शिकतात, तिचे नाव ऑप्टिमिस्ट. लांबी जेमतेम साडेसात फूट. १९४७ साली अमेरिकेतल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्याने ती आखली. प्लायवूडच्या दोन पत्र्यांत होडी झाली पाहिजे, अशी अट होती. गावच्या दुकानदारांनी एकेका होडीचा खर्च उचलला. आपण सप्त्याला वर्गणी करतो, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या देशातही असे काम चालते. सी कॅडेट कोअर ही स्वयंसेवी संस्था १९३८ साली कराचीत गोकुळदास आहुजा यांनी सुरू केली. फाळणीनंतर तिचे काम मुंबईत वाढले. समुद्र नसलेल्या हैदराबादेत सुहेम शेख यांनी २००९ साली यॉट क्लब ऑफ हैदराबाद काढला. तिथे हुसेनसागर तलावावर गरीब घरची मुलेही शीड हाकायला शिकतात. तलाव पुरतो, समुद्रच हवा असे नाही.

शेतकऱ्याची पोर काय करू शकते तेही पहा. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली नेहा ठाकूर ही शेतकऱ्याची मुलगी. ती भोपाळच्या बड्या तलावावर शिकली आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिने शिडाच्या होडीत रौप्यपदक घेतले. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ दुष्काळी गावातला. त्याचा खेळ वल्ह्यांचा. सैन्यात गेल्यावर त्याने वल्हे हाती धरले, २०१६ साली रिओ ऑलिम्पिक गाठले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळवले.

पदक प्रत्येकाला मिळणार नाही. पण पाण्याला न घाबरणारे, दोर टाकायला शिकलेले एक पोर गावात असले, तर तेही मोठे काम झाले.

मदत कशी करावी

चिखलीत लगेच होड्या आणा, असे माझे म्हणणे नाही. गावाने शाळेतली दोन मुले निवडावीत, त्यातली एक मुलगी असावी. प्रवास, जेवण व शिबिराचा खर्च वर्गणीतून करावा. परत आल्यावर त्यांनी जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली शाळेतल्या इतरांना जाकीट बांधणे, दोर फेकणे शिकवावे, ही अट ठेवावी. कॉलेजच्या मुलांनी एनसीसीच्या नौदल शाखेची चौकशी करावी.

संस्थेला पैसा देण्याआधी मात्र बियाण्याची पिशवी पाहतो तसे पारखून घ्या. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का? हिशेबाचे ऑडिट होते का? प्रत्येक मुलाला जाकीट आणि सोबत बचाव होडी असते का? विमा आहे का? पावती घ्या. देणगीवर आयकर सवलत हवी असलेल्या व्यापारी, नोकरदार मंडळींनी दोन हजारांवरची देणगी रोखीने देऊ नये आणि आपल्या करपद्धतीत ही सवलत बसते का ते आधी विचारावे. ग्रामपंचायतीचा पैसा नियम पाहिल्याशिवाय यात घालू नये. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी विषय ग्रामसभेत मांडावा, वर्गणी लोकांनी स्वखुशीने द्यावी.

हे सगळे सांगितल्यावर पारावरचे आजोबा म्हणाले, "मंग पयले तळ्याले दोर बांधा." बरोबर आहे. शेततळ्याला कुंपण घाला. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर किंवा दोराला बांधलेले जुने टायर आत सोडा. एक रिकामा, झाकण घट्ट लावलेला डबा दोरासह काठावर ठेवा. याला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. हे काम या आठवड्यात उरका आणि मग वर्गणीची वही उघडा. पहिली पावती माझ्या नावाने फाडा.