पायाची शीर कापली, तर आधी आडवं पडा

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की कराड-वाळव्यापासून पलूस-मिरजेपर्यंत फडाफडात कोयते चालू होतात. बीडकडून आलेल्या तोडकरी बहिणी आणि आपल्या गावच्या बाया, सगळ्यांचे पाय पाचटात असतात. पाचटाखाली उसाचे टोकदार बुडखे दिसत नाहीत. कधी कोयता निसटतो, कधी बुडखा चपलेच्या वरून घुसतो आणि रक्ताची धार लागते.

अशा वेळी आपण काय करतो? बाईला दगडावर नाहीतर बांधावर बसवतो, पाय खाली लोंबता सोडतो आणि जखमेच्या वर पोटरीला सुतळी आवळतो. रक्त थांबत नाही, उलट वाढतं. असं का होतं, ते आज समजून घेऊ.

विहिरीवरच्या टाकीतलं पाणी खालच्या नळाला सगळ्यात जोरात येतं, नाही का? तसंच शरीराचं आहे. आपण उभ्या असलो की काळजापासून पावलापर्यंतच्या रक्ताचा सगळा भार पायाच्या शिरांवर येतो. या शिरांतलं रक्त खालून वर, काळजाकडे परत जात असतं. वर सुतळी आवळली की त्याची वाट बंद होते. मग ते कुठं जाणार? जखमेतूनच बाहेर येणार.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, बाईला लगेच आडवं झोपवा.
दोन, पाय काळजापेक्षा वर धरा. खाली मोळी ठेवा, पोतं ठेवा, नाहीतर कुणीतरी हातात धरा.
तीन, स्वच्छ फडक्याची घडी नेमकी जखमेवर ठेवून तळहातानं घट्ट दाबा. घड्याळ लावून दहा मिनिटं दाबा. मध्येच उचलून बघू नका, धरू लागलेली गाठ सुटते. फडकं भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. मग पट्टी बांधा. बोटं निळी, गार किंवा बधिर पडली तर ती थोडी सैल करा.

शिरेचं रक्त काळपट असतं आणि संथ वाहतं. लालभडक रक्त ठोक्याठोक्यानं उडत असेल, तर धमनी कापली आहे. तेव्हा जास्त जोरानं दाबा आणि लगेच 108 ला फोन करा. दाबूनही शिरेचं रक्त थांबत नसेल, तरी थांबू नका, 108 बोलवा. पायात काही खोल घुसून बसलं असेल तर ते उपसू नका. भोवतीनं दाबा आणि तसंच दवाखान्यात न्या.

जखमेत माती, तंबाखू, चहापत्ती भरू नका. सांगलीची हळद जगात नावाजलेली आहे, पण ती आमटीत घाला, उघड्या जखमेत नको.

आपल्या बोलण्यात ‘शीर’ हा एकच शब्द तीन गोष्टींना असतो. रक्त वाहतं ती शीर, बोट उचलणारी दोरी म्हणजे स्नायूबंध आणि स्पर्श कळवणारी नस. म्हणून रक्त थांबलं तरी पायाची बोटं वर-खाली हलवून बघा. बोट हलत नसेल किंवा बधिर असेल, तर स्नायूबंध नाहीतर नस तुटलेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जखम छोटी दिसली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. साखरेचा आजार असेल तर अजिबात अंगावर काढू नका.

आता घरातल्या आजींकडं बघा. घोट्याजवळ निळ्या, फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा आहेत का? बाळंतपणं झालेल्या, दिवसभर उभ्यानं काम करणाऱ्या बायकांत त्या बऱ्याच दिसतात. त्यांच्यावरची कातडी पातळ होते. साधं नख लागलं, तरी मोरीत रक्ताचं थारोळं होतं आणि दुखत नाही म्हणून लवकर कळतही नाही. उपाय तोच: आडवं पडायचं, पाय वर, दहा मिनिटं दाब. मात्र एकदा असं झालं की शिरांची तपासणी करून घ्याच, कारण ते पुन्हा होऊ शकतं.

जखमेनंतर काही दिवसांनी एकच पोटरी सुजली, दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. अशी पोटरी चोळू नका, तेल लावून रगडू नका, डॉक्टरांकडं जा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं, तर एक मिनिटही दवडू नका.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत एकीला सतरंजीवर झोपवा, दुसरीनं पाय वर धरा, तिसरीनं दाबा. एकदा हातानं केलं, की फडात घाबरायला होत नाही. आणि मैत्रिणींनो, कोयता हातात असेल तर पायात चप्पल नको, पाऊल झाकणारा बूट घाला. काळजी घ्या. नमस्कार.