शनवार तेल्यांच्या परंपरेतील आत्मप्रतिष्ठा

देहान्ताच्या शिक्षेचा खटला चालू असता जबानीपूर्वी साक्षीदारांस कोणती ताकीद द्यावी, हे इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या यहुदी ग्रंथाच्या ‘सन्हेद्रिन’ प्रकरणात सांगितले आहे. आणि ती ताकीद नंदुरबार जिल्ह्यातील धडगावच्या तहसील कचेरीतही खुशाल वाचून दाखवावी अशी आहे. आदिमानव एकटाच निर्माण झाला, तो अशासाठी की, एका जीवाचा घात म्हणजे अवघ्या जगाचा घात हे उमगावे आणि माझा बाप तुझ्या बापाहून थोर, असे तेथील भिल्ल आदिवासीने पावरा आदिवासीस अथवा सावकाराने त्या दोघांस (उदाहरण अर्थात आमचे) म्हणण्यास जागाच उरू नये. राजाच्या टांकसाळीत एका ठशाची नाणी एकसारखी निघतात, ईश्वराच्या टांकसाळीत मात्र एकाच ठशाची माणसे परस्परांहून भिन्न निघतात. म्हणून हे जग आपल्याकरिता निर्मिले गेले, असे मानणे प्रत्येकाचे कर्तव्यच ठरते. स्वतःस स्वतःच्या दृष्टीने दुर्जन ठरवू नये, असे मिश्नाचेच ‘अवोथ’ प्रकरणही बजावते. त्यावरील भाष्यात मैमोनिडीज या यहुदी तत्त्वज्ञाने (मृत्यू 1204) मार्मिकपणे दाखविले की, स्वतःला हीन लेखणाऱ्यास आपल्या हातचे हीन कर्मही फारसे खटकत नाही.

महाराष्ट्रात हा यहुदी धर्म जपला तो कोकणातील बेने इस्रायल समाजाने. तेलाचा घाणा शनिवारी, यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, बंद ठेवीत, म्हणून ते ‘शनवार तेली’. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 साली मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) उभारले. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या.